बळीरामच्या वासराची हगवण

कुणाला शेजाऱ्याच्या घराचा हेवा वाटतो, कुणाला त्याच्या नोकरीचा. रुपरावाला बळीरामच्या वासराच्या हगवणीचा हेवा वाटत होता.

त्याला कारणही तसंच होतं. चौऱ्याऐंशी सालच्या श्रावणात बळीरामच्या आठवडाभराच्या वासराला पिवळी हगवण लागली. जनावरांच्या कॉलेजातल्या डॉक्टरीणबाईंनी ती काचेच्या बाटलीत भरली, बाटली बर्फाच्या थर्मासात ठेवली आणि थर्मास जीटी एक्सप्रेसनं दिल्लीकडच्या मोठ्या प्रयोगशाळेत रवाना केला. रुपराव स्वतः जन्मात एकदाच जीटीत चढला होता, तोही इटारसीपर्यंत, संडासाच्या दाराशी उभा राहून. बळीरामच्या वासराची हगवण बर्फावर बसून दिल्लीला गेली.

त्याच आठवड्यात रुपरावाच्या गोठ्यातल्या वासरालाही हगवण लागली होती. तीही पिवळीच होती, पातळपणात कुठं कमी नव्हती, आणि वासाच्या बाबतीत तर बळीरामची तिच्यापुढे काहीच नाही असं रुपरावाचं प्रामाणिक मत होतं. पण ती कुणी बाटलीत भरली नाही. भागीरथेनं, म्हणजे रुपरावाच्या बायकोनं, तिच्यावर राख टाकली आणि खराट्यानं उकिरड्याकडे ओढली. तिसऱ्या दिवशी वासरूही तिकडच्याच वाटेनं गेलं. बळीरामचं वासरू मात्र चौथ्या दिवशी शेपूट वर करून अंगणभर धावू लागलं, आणि धावता धावता मुद्दाम कुंपणाशी येऊन रुपरावाकडे पाहू लागलं.

हे कुंपण तुराट्यांचं, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचं होतं. नागपूरबाहेर अमरावती रोडवर वाडीला तेव्हा ट्रान्सपोर्टची गोदामं नुकतीच दाटायला लागली होती. त्या गोदामांच्या मागच्या वस्तीत रुपराव आणि बळीराम शेजारी शेजारी राहत. रुपरावाकडे बापाच्या वेळेपासून गाई. बळीराम एका गोदामावर चौकीदार, आणि पाच-सहा वर्षांपूर्वी त्यानं दोन जर्सी गाई आणल्या. बळीरामच्या घरच्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा तो बारा वर्षांचा होता. त्याच्या ओसरीत बुद्धाची तसबीर होती आणि रुपरावाच्या ओसरीत खंडोबाची. सकाळ-संध्याकाळ दोघांचंही दूध रोडवर दूध योजनेच्या एकाच कॅनमध्ये पडे. कॅनमध्ये पडल्यावर त्याला कुणी गोत्र विचारत नसे. कॅनच्या बाहेर मात्र रुपराव आणि बळीराम यांच्यात तुराट्या होत्या.

खरं पाहता दिल्लीचा मान रुपरावाचाच होता. आदल्या वर्षी शामला डॉक्टरीणबाई पहिल्यांदा लुनावरून आल्या त्या त्याच्याच दारात. त्यांना वासरांच्या हगवणीवर प्रबंध लिहायचा होता. पण त्यांनी दिवस निवडला वसुबारसेचा. भागीरथा गाय-वासराला ओवाळत होती, आणि या बाईंनी पिशवीतून बाटली काढली.

"आज आमी वासराची पूजा करून राहिलो, अन् तुमी त्याची हगवन मांगता?" रुपराव कडाडला. "जा बाप्पा, दुसरं घर पाहा."

बाईंनी दुसरं घर पाहिलं. बळीराम म्हणाला, "घ्या न बाई. पायजे तेवढी घ्या." तेव्हापासून लुना त्याच्याकडे थांबू लागली. त्याची बायको प्रेमिला बाईंना चहा देऊ लागली. बाई गोठ्यात शिरताना आणि निघताना लाल औषधाच्या बादलीत गमबूट बुडवत, आणि ते पाहायला वस्तीतली माणसं थांबत. असा थाट रुपरावाच्या लग्नातसुद्धा झाला नव्हता.

थाटाचंही एक वेळ सोडून देता आलं असतं. पण दोन वर्षांत रुपरावाची चार वासरं गेली होती आणि बळीरामचं एकही नाही. तीन गाई असलेल्या माणसाच्या गोठ्यात एक वासरू नसावं, आणि पलीकडे दोन गाई असलेल्याच्या दारात तीन वासरांनी धुडगूस घालावा, हे रुपरावाला निसर्गाच्या नियमात बसत नाही असं वाटे.

त्यानं पाळत ठेवली. बळीराम गोठ्यात साठचा बल्ब लावतो; रुपरावानं शंभरचा लावला. बळीराम वासराखाली गोणपाट टाकतो. रुपरावानं भागीरथेची जुनी सतरंजी टाकली. बळीराम दूध काढताना रेडिओ लावतो. रुपरावानं सासऱ्याकडून रेडिओ आणला. शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमात जनावरांची निगा कशी राखावी हे ऐकत ऐकतच त्याच्या चौथ्या वासरानं मान टाकली. सासऱ्यानं रेडिओ परत मागितला.

"त्याच्या घरचं काईतरी हाय वं," रुपराव म्हणाला. "दिसत नाई, पन हाय."

"तुमचे डोये त्याच्या घरी, अन् वासरं आपल्या घरी मरून राहिले," भागीरथा म्हणाली.

दिवाळीच्या आधी दिल्लीहून उत्तर आलं. रुपराव त्या वेळी कुंपणाची एक तुराटी नीट करत होता. ती तुराटी तो महिनाभर नीट करत होता.

"सापडला, बळीरामभाऊ!" शामलाबाई पलीकडे म्हणाल्या. "तुमच्या वासराच्या आतड्यात विषाणू सापडला. त्या मोठ्या यंत्राखाली तो चाकासारखा दिसतो, आऱ्यांसकट."

"बंडीच्या चाकावानी?"

"अगदी तसा. फक्त इतका बारीक, की चमचाभर शेणात नागपुरातल्या माणसांपेक्षा जास्त मावतो. आणि तो इथल्या सगळ्या गोठ्यांत असणार. बुटाला लागून जातो, बादलीला लागून जातो."

रुपरावाला इतका आनंद झाला, की नीट केलेली तुराटी त्याच्या हातात मोडली. तो धावतच घरात गेला.

"आयकलं का वं? बळीरामच्या गोठ्यात रोग निंगाला! दिल्लीहून लेखी आलं!"

भागीरथा भाकर थापत होती. तिनं मान वर केली नाही. "मंग वासरू काहून नाचून राहिलं त्याचं?"

रुपराव पाटावर बसला. त्यानं एक घास घेतला, दुसरा घेतला, आणि ताट सारलं. रोग दोघांकडे तोच. आपली मरतात. त्याची चार दिवस हगतात आणि नाचतात. म्हणजे रोगसुद्धा माणूस पाहून वागतो आणि रोगसुद्धा बळीरामच्या बाजूचा आहे, या विचारानं त्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मार्गशीर्षात मोगरा व्यायची होती. मोगरा म्हणजे रुपरावाची पांढरीशुभ्र गवळाऊ गाय, बापानं पाळलेल्या गाईच्या वंशातली शेवटची. बापानं मरताना घर कुणाला द्यायचं ते सांगितलं नाही, पण "मोगराच्या आजीचा वंश तोडू नको" एवढं सांगितलं होतं. मोगराला आजवर सगळे गोऱ्हेच झाले होते, आणि शेवटची दोन वर्षं तेही राहिले नव्हते. वय झालं होतं. पुढचं वेत होईल असं कुणी छातीवर हात ठेवून सांगत नव्हतं. या वेळी कालवड झाली आणि जगली तर वंश राहील, नाहीतर रुपरावाच्या दावणीला नुसत्या बाजारातून आणलेल्या गाई उरतील आणि बळीराम पलीकडून पाहील. यातलं दुसरं जास्त टोचत होतं.

मोगरा व्याली एका गुरुवारी, सकाळी सहाला. कालवड! आईसारखीच पांढरी, कपाळावर तांबूस टिकली. रुपरावानं आनंदानं खंडोबापुढे नारळ फोडला आणि लगेच सवयीनं कुंपणाकडे पाहिलं.

पलीकडे बळीरामचीही गाय व्याली होती. त्याच पहाटे. रुपरावाचा नारळ अर्धा कडू झाला.

बळीराम गुडघ्यावर बसून ओल्या वासराचं तोंड आईच्या सडाला लावत होता. गाय व्याल्यावरचं पहिलं दूध, तो घट्ट पिवळा चीक, वासरू घटाघटा पीत होतं, आणि थांबलं की बळीराम पुन्हा त्याचं तोंड धरून लावत होता.

"पाह्यलं?" रुपराव भागीरथेला म्हणाला. "सारा चीक वासराले पाजून राहिला. वस्तीले वाटीभर खरवस द्याची दानत लागते वं, थे कुठून आनावी!"

दानत रुपरावाच्या घरी पिढीजात होती. गाय व्याली की जार, म्हणजे वार, पडेपर्यंत वासराला सडाजवळ जाऊ द्यायचं नाही. जड चीक वासराला बाधतो, पोटात जंत होतात. जार पडली की गाय पूर्ण पिळायची. पहिली वाटी देवाला. मग भागीरथा गूळ-इलायची घालून खरवस वाफवायची आणि वस्तीतल्या सोळाही घरी वाट्या जायच्या. रुपरावाच्या घरचा खरवस म्हणजे सुरी लावली तर धार उमटावी असा. वाडीत आजही कुणी त्याच्या बापाचं नाव काढलं तर आधी खरवस आठवे आणि मग बाप.

त्या दिवशीही तसंच झालं. आठला जार पडली, नऊला मोगरा पिळून मोकळी झाली, दहाला चुलीवर वाफा आणि साडेदहाला वाट्या रवाना. कालवड सतरंजीवर पडून आईकडे पाहत होती. तिला संध्याकाळी दूध मिळणार होतं.

अकराला लुना आली. बाई बळीरामच्या गोठ्यात शिरल्या, तसा रुपराव सर्वांत मोठी वाटी घेऊन कुंपणाशी उभा राहिला. वर्षभर त्यानं मनाशी ठरवलं होतं: या वेळी आपल्याही वासराचा नमुना गेला पाहिजे. मोगराची कालवड झाली आणि तिचं नाव दिल्लीत नाही, हे चालणार नव्हतं.

"राम राम डॉक्टरीनबाई! मांगचं इसरून जा. आमच्या कालवडीचं बी घ्या. हगवन अजून नाई लागली, पन लागन. आमच्याकडे कधी चुकत नाई. तोवर हे चाखा."

शामलाबाईंनी वाटी घेतली. एक तुकडा तोंडात टाकला आणि त्यांचे डोळे मिटले. प्रेमिलाच्या तोंडाकडे पाहून रुपरावाला धन्य वाटलं.

"काय सुरेख झालाय! पहिल्या धारेचा दिसतो?"

"आजच्याच. सकायच्या."

"आणि कालवडीनं किती प्यायला?"

"काय?"

"चीक."

"तिले कायले? तिले सांजच्याले दूध देऊ."

बाईंनी वाटी हळूच कुंपणाच्या खुंटावर ठेवली. दुसरा तुकडा घेतला नाही.

"रुपरावजी, वासरू आईच्या पोटातून येताना रोगाशी लढायचं काहीच घेऊन येत नाही. सगळं या चिकात असतं. तेही पहिल्या काही तासांत पोटात गेलं तरच. दिवस उलटला की आतडी ते आत घेत नाहीत. तो चाकासारखा विषाणू तुमच्याही गोठ्यात आहे, बळीरामभाऊंच्याही. त्यांची वासरं चीक पिऊन त्याला तोंड देतात. तुमची..." बाई थांबल्या. "तुमच्या गाईनं वासरासाठी केलेलं औषध तुम्ही दर वर्षी वस्तीला खाऊ घालता."

रुपरावाच्या मागून भागीरथा म्हणाली, "म्हनून वस्तीत कोनाले हगवन नाई."

रुपरावाला हसणं शक्य नव्हतं. चार वासरं त्याच्या डोळ्यांपुढून गेली, आणि प्रत्येकाच्या मागे सोळा वाट्या. पण माणसाचा स्वभाव अशा वेळीही आपलं काम सोडत नाही. त्याच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हा:

"मंग याले कोनं शिकवलं? बाई, तुमी याले सांगतलं अन् मले नाई?"

"मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. मी आले तेव्हा ते आधीपासूनच पाजत होते. मला वाटलं, इकडं सगळेच पाजतात. तुम्हाला विचारायचं राहिलं, ती माझीच चूक."

"मले कोनी नाई शिकवलं, रुपरावजी," बळीराम म्हणाला. तो वासराचं अंग पुसत होता, हात थांबवला नाही. "पयली गाय व्याली तवा मी बी खरवस वाटाले काढला व्हता. प्रेमिलानं सोया वाट्या भरल्या. तुमच्यासारख्याच."

"वर जाळीचे रुमाल झाकले व्हते," प्रेमिला म्हणाली. "इनलेले. मी सोताच्या हातानं इनले व्हते."

"सांजपर्यंत सोयाच्या सोया वापस आल्या. कोनाचा उपास, कोनाचं पोट बिघडलं. रुमाल बी हालला नवता. आता एवढा खरवस दोघं जनं किती खाऊ? मी म्हनलं, पुढच्या बारीले कष्ट कायले करा? ज्याचा हाय त्याले पाजा. थेव्हापासून वासरू पेते."

एवढं सांगून बळीरामनं फडकं पिळलं.

रुपराव खाली पाहू लागला. त्या वर्षी आलेली वाटी भागीरथेनं घेतली होती, तिला ते वावगं वाटलं नव्हतं. ओसरीवरून "वापस कर थे" असं म्हणणारा आवाज रुपरावाचाच होता. हे त्याला स्वच्छ आठवलं. भागीरथेलाही आठवलं असावं, कारण ती त्याच्याकडेच पाहत होती.

कुणालाही वाटेल की या क्षणी रुपरावाचा हेवा जळून गेला असेल. तसं काही झालं नाही. त्याच्या मनात आलं ते असं, की म्हणजे बळीरामला ही अक्कल मीच दिली. मी वाटी परत केली नसती तर त्यानंही वाटलाच असता, आणि त्याचीही वासरं मेली असती. म्हणजे पलीकडची सारी वासरं एका हिशेबानं माझीच आहेत. आणि पाहा, एका शब्दानं आभार नाही!

"अजून वेळ आहे," शामलाबाई घड्याळ पाहून म्हणाल्या. "पाचच तास झालेत. मोगराला पुन्हा पिळून काही येतं का पाहा."

आलं ते अर्धा पेलाही भरेना. रुपरावानं ती पूर्ण मोकळी केली होती; त्या बाबतीत त्याचा हात वाखाणण्यासारखा होता. वाटलेल्या वाट्या परत मागवाव्यात असंही त्याच्या मनात आलं. पण वाफवलेल्या चिकात तसलं काही उरत नाही, असं बाईंनी सांगितलं, आणि तोवर वाट्यांतही काही उरलं नव्हतं.

वस्तीत चीक आता एकाच ठिकाणी होता. जर्सीची कास भरलेली होती. तिच्या वासरानं पोटभर पिऊनही ती भरलेलीच होती, आणि हेही रुपरावाच्या नजरेतून सुटलं नाही.

"जा न," भागीरथा हळू म्हणाली.

"तू जा वं. बायाबायाचं जमते."

"मी नाई जात. वाटी मी वापस नवती केली."

रुपराव गोठ्यात गेला. कालवड उठायची धडपड करत होती. मागचे पाय लागत होते, पुढचे दुमडत होते. तिनं त्याचं बोट तोंडात धरलं आणि चोखायला लागली. बोटातून काही येईना, तरी सोडेना. मग त्यानं तिला उचलून खांद्यावर घेतलं.

कुंपणाला खिंड होती, पण खिंडीतून वासरू खांद्यावर घेऊन जाता येत नव्हतं. वाटेनंच जावं लागलं, साऱ्या वस्तीच्या दारांवरून. ज्यांच्या ओठांना अजून खरवस चिकटलेला होता ती माणसं ओट्यावर येऊन पाहू लागली. रुपरावाचं वासरू खांद्यावर, आणि रुपराव बळीरामच्या फाटकातून आत. तो या फाटकातून कधी आत गेला नव्हता. फाटक चांगलं होतं. त्याच्या फाटकाची कडी लागत नसे. याची लागत होती.

"बळीरामजी," तो म्हणाला, "थोडा चीक पायजे होता."

"आज नावाले जी लागलं," प्रेमिला चुलीपाशी म्हणाली, पण पुरेशा मोठ्यानं.

"प्रेमिला," बळीराम म्हणाला.

"मी काई म्हनलं का? मी चहा ठेवून राहिली. रुपरावजी चहा घेतीन का, का त्याचा बी उपास हाय?"

रुपरावानं खांद्यावरची कालवड खाली ठेवली. आजूबाजूला पाहिलं. फाटकापाशी सहा-सात जण उभे होते.

"घेतो," तो म्हणाला. "साखर जरा कमी."

बळीरामनं बादली घेतली आणि जर्सीखाली बसला. पिवळ्या धारा बादलीत वाजू लागल्या. शामलाबाईंनी बाटलीला रबरी सड लावला. कालवडीनं पहिल्यांदा तोंड फिरवलं, दुसऱ्यांदा ओठ लावले, आणि तिसऱ्यांदा असा झटका मारला की बाटली बाईंच्या हातून निसटता निसटता राहिली. एक बाटली संपली. दुसरी संपली. रुपराव चहा पीत पाहत होता. चहा चांगला होता, भागीरथेच्या चहापेक्षा चांगला. तेवढंच बाकी राहिलं होतं.

"पोट भरलं काय?" त्यानं विचारलं.

"अजून एक पाजू, अन् सांजच्याले पुना," बळीराम म्हणाला. "आनजा इकडंच. जर्सीले काई कमी नाई."

शेवटचं वाक्य त्यानं टाळलं असतं तर बरं झालं असतं, असं रुपरावाला वाटलं.

पाचव्या दिवशी कालवडीला हगवण लागली.

पिवळी. पातळ. तीच. रुपराव गोठ्यात बसून राहिला. शामलाबाई आल्या, त्यांनी बाटली काढली, आणि ज्या क्षणाची त्यानं वर्षभर वाट पाहिली होती तो आला. त्याच्या वासराची हगवण थर्मासात गेली. रुपरावानं त्या थर्मासाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"जगन का बाई?"

"प्यायला लागली आहे ना? पीत राहू द्या. मीठ-साखरेचं पाणी, दूधही बंद करू नका. पाय थंड पडले तर निरोप धाडा."

कालवड दोन दिवस पडून होती. डोळे आत गेले, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायला लागली. भागीरथा दर दोन तासांनी पाणी पाजत होती. रुपराव कालवडीचे पाय चोळत होता आणि दर वेळी तिच्या कानाला हात लावून पाहत होता. खंडोबापुढे त्यानं नारळ फोडला नाही. नारळ फोडला की काय होतं हे चार वेळा पाहून झालं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी बळीराम कुंपणाशी आला. उबेसाठी एक गोणपाट कुंपणावरून आत टाकून गेला. रुपरावानं ते उचलून कालवडीवर घातलं. त्याच्या सतरंजीपेक्षा ते उबदार निघालं.

तिसऱ्या सकाळी भागीरथेनं त्याला हाक मारली. कालवड उभी होती. पाय थरथरत होते, शेपूट बरबटलेलं होतं, पण ती उभी होती, आणि मोगराच्या कासेला ढुशा मारत होती. मोगरा तिला चाटत होती. रुपरावानं दाराच्या चौकटीला हात लावला आणि तिथंच बसला. किती तरी वेळ तो नाक ओढत होता. भागीरथेला वाटलं थंडी लागली.

पौषात रुपरावाची दुसरी गाय व्याली. वस्तीतल्या बाया सवयीनं इलायचीचा वास येतो का पाहत राहिल्या. रुपराव गोठ्याच्या दारात उभा होता आणि आत वासरू चीक पीत होतं.

"यंदा वाटी नाई?" एका बाईनं विचारलंच.

"वासराचं होते मंग पाहू."

"बापाच्या वेयी असं नवतं," ती म्हणाली आणि निघून गेली. दुपारपर्यंत वस्तीत ठरलं, की रुपराव हात आखडायला लागला.

त्याला याचं वाईट वाटलं, पण जेवण गेलं. जेवून तो कुंपणाशी आला. पलीकडे बळीराम कडबा तोडत होता. अलीकडे मोगराची कालवड उन्हात उड्या मारत होती, पलीकडे तिच्याच वयाची बळीरामची. रुपराव बराच वेळ दोघींची उंची नजरेनं मोजत राहिला.

"जगली गा," बळीराम म्हणाला.

"जगली." रुपरावानं एक तुराटी सरळ केली. "तुमच्या वालीनं पयल्या दिवशी किती चीक पेला व्हता?"

"असन तीन शेर."

"आमच्या वालीनं साडेतीन पेला," रुपराव म्हणाला. "मी सोता पाह्यलं."

बळीरामनं कोयता खाली ठेवला. "पेला न. पन गाय कोनाची व्हती?"

कालवड त्याच्यापाशी येऊन धोतर चघळायला लागली.

"थे सोडा," तो म्हणाला. "उंचीनं पाहा. कोनाची मोठी हाय?"